पुसलेल्या रेघा

“पुस्तक सांभाळून दे हं मालन,” राजमतीवहिनी म्हणाली. ती उठून द्यायला निघाली होती, पण अर्ध्यातूनच भिंतीला टेकली आणि तिनं पुस्तक फरशीवरून माझ्याकडे सरकवलं.

तिचे पाय मला तेव्हा दिसले. बोटांत जोडवी रुतून बसली होती आणि घोटा कुठे संपतो, पाऊल कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

“वहिनी, पाय किती सुजलेत तुमचे!”

“पहिलटकरणीचं सुजत्यातच,” पलीकडून तिच्या सासूनं उत्तर दिलं. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. आक्का दिवसभर सोप्यात काहीतरी निवडत बसलेली असायची आणि तिच्या कानांना कधी सुट्टी नसायची. “आमचं काय सुजलं न्हवतं? तू जा. उशीर झाला की तिथं गर्दी हुतीय.”

“जाता जाता एवढी सुई ओवून दे,” वहिनी मला म्हणाली. तिच्या मांडीवर बाळाचं झबलं अर्धवट शिवून पडलं होतं. “सकाळपासनं डोकं दुखून दुखून वीट आलाय. डोळ्यांपुढं अंधारीच येतीया. दोरा दिसंना झालाय.”

मी सुई ओवून दिली. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं आणि आक्काला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “जसं हाय तसंच दे बरं का.”

मी मान डोलावली आणि पळाले. त्या वयात मला कुणी एक गोष्ट दोनदा सांगितली की मी ती एकदाही ऐकत नसे.

हे गडहिंग्लजला घडलं. मी अकरा वर्षांची होते. मगदुमांच्या घराच्या मागल्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. वहिनीचे सासरे भूपालआण्णा मगदूम वाचनालयाचे सभासद होते. पुस्तक त्यांनी जन्मात उघडलं नसेल, पण गावात मान असलेल्या माणसाचं कार्ड असावं म्हणून ते होतं. त्या कार्डावर दोन पुस्तकं मिळत आणि ती बदलून आणायचं काम माझं. एक आक्कासाठी, व्रतांच्या कहाण्यांचं. दुसरं वहिनीसाठी, आणि तिला आण्णांच्या हुकमानं एकच पुस्तक चालत असे. बाळंतपण आणि बाळाची निगा, कव्हर फाटून नुसता पुठ्ठा उरलेलं. कादंबऱ्या वाचून सुना बिघडतात, असं आण्णांचं ठाम मत होतं. भाडेकरूंच्या पोरींबद्दल त्यांनी अजून काही मत केलं नव्हतं.

आता लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. आक्काला अक्षरओळख नव्हती. तिच्या नावावर मी मला हवी ती कादंबरी आणायची, तिच्यासमोर उघडून बसायची आणि डोक्यातून एखादी कहाणी रचून ‘वाचून’ दाखवायची. आक्का डोळे मिटून हात जोडायची. ती घोरायला लागली की मी खरं पुस्तक वाचायला मोकळी. निगेचं पुस्तकसुद्धा मी सोडलं नव्हतं. वाचनालयातून घरी येताना चालता चालता त्याची तीन पारायणं झाली होती. मुडदूस, गोवर, डांग्या खोकला, सगळं मला तोंडपाठ होतं. छापलेलं काही दिसलं की माझ्यानं राहवत नसे. ते कार्ड म्हणजे माझा श्वास होता, असं म्हटलं तर आजही मला ते फार वाटत नाही.

आणि त्या श्वासाला नुकतीच ठेच लागली होती. मी परत केलेल्या एका रहस्यकथेत कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं होतं, ‘खुनी कोण ते पान नव्वदवर पाहा.’ नव्वदवर लिहिलं होतं, ‘गाढवा, पुढे वाच.’ ग्रंथपाल हुक्केरी मास्तरांनी माझं काही ऐकून न घेता कार्डावर लाल रेघ ओढली होती.

“दुसरी रेघ आली की कार्ड बंद,” ते म्हणाले होते. “मग मगदूम असोत नाहीतर मामलेदार.”

म्हणून त्या गुरुवारी वाचनालयाच्या पायरीवर बसून मी दोन्ही पुस्तकं तपासली. कादंबरी साफ होती. मग निगेचं पुस्तक उघडलं. ते रेघांनी भरलेलं होतं. एका पानावर एका शब्दाखाली बारीक पेन्सिलीची रेघ, चार पानं सोडून दुसऱ्या शब्दाखाली, पुढे आणखी. रेघा त्यात आधीही असायच्या. मला वाटायचं, वहिनी अभ्यास करते. मास्तर ते पुस्तक कधी उघडूनही बघत नसत, नुसता शिक्का मारत. पण लाल रेघेनंतर माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. मी कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक रेघ पुसून काढली. कुठल्या शब्दाखाली रेघ आहे ते पाहिलंही नाही. रबराचा भुगा फुंकून टाकला आणि शहाण्या मुलीसारखी आत गेले.

आत नेहमीसारखंच होतं. मधल्या लांब टेबलाशी पेपर वाचणारी म्हातारी मंडळी, त्यांत कडेच्या खुर्चीवर भूपालआण्णा. खिडकीखाली बायकांसाठी एक बाक, बहुतेक रिकामंच. दारालगत हुक्केरी मास्तर. त्यांनी कादंबरी पानन् पान चाळली. मग निगेचं पुस्तक घेतलं आणि आज पहिल्यांदाच उघडलं. चार पानं उलटली, आणखी चार उलटली.

“आज पुस्तक फार स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“मी पुसलं, मास्तर. कुणीतरी रेघा मारल्या होत्या.”

“सगळ्या पुसल्यास?”

“एकूण एक.”

शाबासकी मिळेल म्हणून मी उभी होते. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग आण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

“मालन,” आण्णांनी पेपरामागून हाक मारली. “जाऊ नको गं. बाजाराची पिशवी हाय, संगट जाऊ.”

“हो आण्णा,” म्हणून मी कपाटाकडे वळले. पुढल्या आठवड्याची कादंबरी निवडत होते तेवढ्यात चंपाबाई चौगुले आत आली.

ती राजमतीवहिनीची आई. तिचं घर मगदुमांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण सव्वा वर्षात मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. लग्नात मानाचा पहिला फेटा आण्णांच्या थोरल्या भावाला बांधायचा, तो गडबडीत नवरदेवाच्या मामाला बांधला गेला. एवढंच कारण. वरात घरी पोचायच्या आधी आण्णांनी जाहीर केलं की चौगुल्यांचा उंबरा आजपासून बंद. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही सगळ्या जगाची रीत, तीही आण्णांनी मोडली. वहिनीचा नवरा हुबळीला पाहुण्यांच्या दुकानात असायचा आणि वडलांपुढे त्याची जीभ उचलत नसे. वहिनीची पत्रं आण्णा स्वतः फोडत. चौगुल्यांच्या माणसाशी बोलेल त्याला आपल्या घरात जागा नाही, हे त्यांनी आमच्या वडलांनाही बजावून ठेवलं होतं.

चंपाबाईला पाहताच आण्णांनी पेपर उंच धरला. भिंतच उभी केली मधे.

चंपाबाईनं काही मागितलं नाही. मास्तरांनी आपणहून माझं आत्ताच परत केलेलं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. मी बघतच राहिले. या बाईला नातवंडाचीसुद्धा भेट नशिबात नाही, हिला निगेचं पुस्तक कशाला?

ती बाकावर बसली. पान उघडलं. तिचं बोट वरून खाली ओळीओळीवरून गेलं, पण कुठे थांबलं नाही. दुसरं पान, तिसरं पान. इतक्या भराभर कुणाला वाचता येत नाही, आणि चंपाबाई तर अक्षर अक्षर लावून वाचणारी. ती वाचत नव्हती, शोधत होती. शेवटचं पान आलं तशी ती पुन्हा पहिल्या पानावर गेली. तिनं पुस्तक उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं, मग उठून मास्तरांकडे आली.

“मास्तर, ह्येच न्हवं का?”

“हेच,” मास्तर खाली मान घालून म्हणाले.

“यात काहीच न्हाई ओ.”

“नाही आज.”

“असं कवा झालं न्हाई. पेन्सिल धरवत नसंल का तिला? काय झालं असंल?”

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी पेपराकडे खूण केली. चंपाबाई परत बाकावर जाऊन बसली. पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ‘जसं हाय तसंच दे.’ वहिनी अभ्यास करत नव्हती. पुस्तकातले शब्द वेचून ती आईला चिठ्ठी लिहीत होती. आई ती वाचून पुसत असणार आणि आपल्या रेघा मारून मास्तरांकडूनच परत पाठवत असणार. मी मात्र दिवसाढवळ्या त्यांचा टपालाचा डबा रिकामा करून वर शाबासकीची वाट पाहत उभी होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी मी होते.

काय लिहिलं असेल वहिनीनं? मी आठवू लागले. एक शब्द आठवेना. डोळ्यांसमोर आले ते तिचे पाय. मग तिचं बोलणं आलं, डोकं दुखतंय, दोरा दिसंना. आणि एकदम ते पान आलं. एकतिसावं, उजव्या बाजूचं, कोपरा दुमडलेलं. मला ते पाठ होतं. ‘सातव्या महिन्यानंतर पाय सुजले, डोके सतत दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी लक्षणे एकत्र दिसल्यास ती धोक्याची समजावीत. हयगय केल्यास माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते.’ तीन वेळा वाचलं होतं मी ते, गोवर आणि डांग्या खोकल्यासारखंच. वहिनी तासाभरापूर्वी माझ्यासमोर बसून तेच पान बोलली होती आणि मी सुई ओवून देऊन पळत सुटले होते.

तिनं हेच लिहिलं असणार. दुसरं काय लिहील? आणि मी ते पुसलं.

चंपाबाईला जाऊन सांगावं, असं मनात आलं. पण मधे चार हातांवर आण्णा होते. पेपर उंच असला तरी कान काही पेपरात नव्हते. ती बाहेर गेल्यावर मागे धावावं, तर मला इथेच थांबायचं फर्मान होतं. आणि मगदुमांच्या घरातून आलेल्या पोरीच्या तोंडच्या शब्दावर ती विश्वास ठेवेल का? तिचा विश्वास त्या रेघांवर होता.

चंपाबाई उठली. पायांत चपला सरकवू लागली.

“काकू,” मी पुढे झाले. “ते पुस्तक जरा द्याल? शाळेसाठी एक पान उतरून घ्यायचंय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती ओळखत होती, मी कुठल्या घरातून येते तेही तिला माहीत होतं. तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पुन्हा बाकावर टेकली.

मी कपाटाच्या आडोशाला गेले, खाली बसले आणि पेन्सिल काढली. कार्ड बंद होईल, हे मला पुरतं ठाऊक होतं. उद्यापासून कादंबरी नाही, कहाण्या नाहीत, काही नाही, हेही ठाऊक होतं. मला रडू येत होतं, आणि ते वहिनीसाठी होतं की कार्डासाठी, ते आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चंपाबाई पुढून मागे वाचते, म्हणजे शब्द पानांच्या क्रमानंच यायला हवेत. पहिल्याच ओळीत ‘आई’ सापडलं. रेघ मारली. मग थेट एकतिसावं पान. तिथे सहा शब्द एकाच वाक्यात तयार होते. पाय, सुजले, डोके, दुखते, डोळ्यांपुढे, अंधारी. पुढे मला ‘लगेच’ हवं होतं. ते तापाच्या प्रकरणात होतं हे माहीत होतं, पण पान सापडेना. पानं एकमेकांना चिकटत होती. टेबलापाशी पेपराची घडी पडल्याचा आवाज आला.

“मालन? कुठं तडमडलीस?”

“इथंच आहे आण्णा. पुस्तक बघतेय.”

“आटप.”

लगेच. सापडलं. ‘परिचारिका घरी येऊन लस टोचते’ यातलं ‘येऊन’ घेतलं. शेवटच्या प्रकरणात ‘बाळास दवाखान्यात घेऊन जावे’ होतं. त्यातल्या ‘घेऊन’खाली रेघ मारली, ‘जावे’खाली मारत होते आणि पानावर सावली पडली.

हुक्केरी मास्तर माझ्या डोक्यावर उभे होते. त्यांनी वाकून पुस्तक काढून घेतलं. मी पेन्सिल मुठीत लपवली, पण ती दिसायची ती दिसलीच होती.

“काय झालं मास्तर?” आण्णा खुर्ची सरकवून उठले. “काय केलं पोरीनं?”

मास्तर पान उलटत होते. पहिलं पान पाहिलं, मग पुढची भराभर उलटली आणि एकतिसाव्यावर बराच वेळ थांबले. आण्णा दोन पावलं जवळ आले. मला वाटलं आता आण्णा पुस्तक हातात घेणार. मास्तर शेवटच्या पानापर्यंत गेले, पुस्तक फाडकन मिटलं आणि सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “पुस्तकात रेघोट्या मारतेस? लाज नाही वाटत? मगदूम, तुमचं कार्ड आजपासून बंद!”

“आमचं कार्ड?” आण्णांचा चेहरा उतरला. चारचौघांत, आणि त्यातून चौगुल्यांच्या बाईसमोर. “आवो, पोराटकीनं केलं, त्यात माझं काय?”

“नियम सगळ्यांना सारखा.” मास्तरांनी टेबलातून कार्ड काढून टराटरा फाडलं. आण्णा तिकडे बघत असतानाच त्यांनी दुसऱ्या हातानं पुस्तक चंपाबाईच्या पुढ्यात टाकलं. “आणि बाई, तुम्हीही न्यायचं तर घेऊन जा हे. बसून राहू नका इथं. वेळ झालीय.”

चंपाबाई पुस्तक घेऊन गेली. तिनं ते वाटेत उघडलं की घरी जाऊन, मला माहीत नाही. आण्णांनी घरापर्यंत माझा कान सोडला नाही. रात्री आईनं उरलेलं काम पूर्ण केलं. मला मार लागला तो आठवत नाही, वहिनीच्या खोलीतून येणारं कण्हणं आठवतं. मी काही सांगू शकत नव्हते आणि झोपही येत नव्हती. रेघा दिसल्या असतील का? शेवटची अर्धवट राहिली होती.

सकाळी शाळेच्या वेळेला गल्लीत जीप थांबली. मी दफ्तर टाकून पुढल्या दाराकडे धावले. चंपाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, तिच्यामागे दवाखान्यातल्या नर्सबाई. आण्णा दारात आडवे उभे.

“मगदूम, मान तुमचाच,” चंपाबाई म्हणाली. “फेटा चुकला. चूक आमची. हवं तर रस्त्यात पाया पडते. पन ह्या बाईंना आत सोडा.”

“तुम्हाला बोलवलं कुनी?”

“माझ्या लेकीनं बोलवलं.”

गल्लीतली दारं एकेक करून उघडत होती. आण्णा वळले. आतून भिंत धरधरत वहिनी सोप्यात आली होती. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते तिचे.

“आई,” ती म्हणाली, “तू कशाला आलीस गं?”

“तू बोलवलंस हिला?” आण्णांनी विचारलं. “आमच्या घरात ऱ्हाऊन, आमच्या पाठीमागं?”

वहिनीनं आईकडे पाहिलं. चंपाबाईचा पदर खांद्यावरून घसरला होता, पायांत चपला नव्हत्या. आक्काच्या हातातलं सूप तसंच अधांतरी होतं.

“व्हय,” वहिनी म्हणाली. “मी बोलवलं.”

आण्णांचा हात वर गेला, पण तोवर नर्सबाई त्यांच्या बगलेखालून आत शिरल्या होत्या. त्यांनी वहिनीला खाली बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाबला. मग त्या आण्णांकडे न बघता आक्काला म्हणाल्या, “हिला आत्ताच्या आत्ता हलवायचं. झटके सुरू झाले तर दोन्ही जीव जातील. तुम्ही बाई आहात, तुम्हाला सांगते.”

“सरका हो तिकडं,” आक्का नवऱ्याला म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना असं काही म्हटल्याचं गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. आण्णा सरकले.

शनिवारी पहाटे मोठ्या दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली. दोघी जगल्या. वहिनी मगदुमांच्या घरी परत आली नाही. वर्षभरानं नवऱ्यालाच कंठ फुटला आणि त्यानं तिला हुबळीला नेलं.

आम्ही दोन वर्षांत ती जागा सोडली. तेवढा काळ मला एकही पुस्तक मिळालं नाही. वाचायला काही नव्हतं म्हणून मी लिहायला लागले, असं मी आता मुलाखतींत सांगते. ऐकणाऱ्यांना ते आवडतं. पण त्या गुरुवारबद्दल मी कधी कुणाशी बोलले नव्हते. वहिनीचा निरोप मी पुसला होता आणि जसाच्या तसा परत लिहून ठेवला होता, एवढंच माझं समाधान होतं.

सव्वीस वर्षांनी चंपाबाई गेल्याचं कळलं आणि मी भेटायला गेले. राजमतीवहिनी माहेरच्या सोप्यात बसली होती, केस पिकलेले, पण चेहरा तसाच. भेटायला आलेली माणसं उठून गेल्यावर ती म्हणाली, “आई शेवटपत्तोर सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची. माझ्या लेकीनं मला हाक मारली आन् मी गेले.”

“खरंच होतं ते,” मी म्हणाले. मग इतक्या वर्षांचं ओझं एकदाचं उतरवावं म्हणून सगळं सांगून टाकलं. खोडरबर, एकतिसावं पान, कपाटाचा आडोसा.

वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे ते तू. मला वाटायचं, मास्तरांनी केलं.”

“मी तुमचा निरोप पुसला होता. तोच परत लिहिला.”

“माझा निरोप काय होता, ठाऊक हाय तुला?”

“तोच ना. पाय सुजलेत, अंधारी येतेय, घेऊन जा.”

“न्हाई गं.” ती हसली, पण डोळे भरून आले होते. “आदल्या खेपेला आईनं लिवलं हुतं, गुरुवार झाला की येते म्हणून. आण्णांनी भरल्या गल्लीत तिच्या तोंडावर दार लावलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी लिवलं, ‘आई, प्रकृती उत्तम. येऊ नये.’ तो ‘येऊ नये’ हुडकाया मला दोन दिवस लागले.”

“वहिनी, पण एकतिसावं पान? ते तुमच्या हातात होतं.”

“हुतं की. पन मी त्यात शब्द हुडकत हुते. वाचलं कुठं?”

मी अकरा वर्षांची असताना तिच्या नावानं धडधडीत खोटं लिहिलं होतं आणि तिनं दारात उभं राहून, सासऱ्याच्या उगारलेल्या हाताखाली, ते आपलं म्हणून घेतलं होतं. आईला रस्त्यात खोटं पडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी.

“चंपाकाकूंना कधी सांगितलंत?” मी विचारलं.

“तिची हाक काढून घेऊ व्हय तिच्याकडनं?”

आतून एक उंच, सावळी बाई चहाचे कप घेऊन आली. वहिनीनं डोळे पुसले. “ही त्रिशला. आन् त्रिशला, ही मालनमावशी. पुस्तकं लिहिती.”

“माहितीये,” त्रिशला म्हणाली. तिनं माझ्यासमोर कप ठेवला आणि तिथेच फरशीवर बसली. “मावशी, तुम्ही लिहायला कधी लागलात? सगळ्यात पहिलं?”

“तू जन्मायच्या दोन दिवस आधी.”

ती हसली. तिला ती गंमत वाटली. “एवढ्या लहान होतात? काय लिहिलं होतं?”

मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, सव्वा वर्षानं आईकडे पाहिलं होतं तशी.

“अकरा शब्द,” मी म्हणाले. “त्यातला एकही माझा नव्हता.”